जुन्या ऑफिस-पीसीतून स्वच्छ गाणं: घरचा म्युझिक कॉम्प्युटर कसा उभा करायचा

चांगल्या आवाजासाठी महागडा कॉम्प्युटर लागत नाही. संगीत वाजवताना कॉम्प्युटरचं काम अगदी किरकोळ असतं: फाइलमधले आकडे उचलायचे आणि त्यांत ढवळाढवळ न करता पुढच्या डब्याकडे सोपवायचे. सीडीच्या दर्जाच्या स्टिरिओ संगीतात सेकंदाला १४,११,२०० बिट असतात (४४,१०० सॅम्पल म्हणजे आवाजाची मोजमापं, प्रत्येकी १६ बिट, दोन चॅनल). दहा वर्षांपूर्वीच्या ऑफिस-पीसीलाही हा हातचा मळ आहे.

आवाज बिघडतो तो दुसरीकडे. ऑपरेटिंग सिस्टीम मधल्यामध्ये सॅम्पल-रेट (सेकंदाला किती सॅम्पल) बदलते, मदरबोर्डवरच्या साउंड चिपमध्ये खरखर शिरते, अर्थिंगच्या वाटेने ५० हर्ट्झची घरघर येते आणि पीसीचा पंखा तानपुऱ्याच्या वर बोलत राहतो. खाली जे लिहिलंय ते मुख्यतः या चार गोष्टींबद्दल आहे. पैशांची वाटणीही त्याच हिशेबाने करायची: सगळ्यांत जास्त स्पीकरवर, मग ॲम्प्लिफायर आणि डॅकवर (फाइलमधल्या आकड्यांचा आवाजाचा सिग्नल करणारा डबा), आणि सगळ्यांत कमी कॉम्प्युटरवर.

सामान

– जुना 'एक लिटर' पीसी, म्हणजे जाडजूड पुस्तकाएवढा डबा: लेनोवो थिंकसेंटर टायनी, डेल ऑप्टिप्लेक्स मायक्रो किंवा एचपी एलिटडेस्क मिनी. इंटेलच्या सहाव्या पिढीचा आय-३ किंवा आय-५ भरपूर झाला. रॅम ४ जीबी पुरते. सेकंडहँड बाजारात साधारण ८ ते १२ हजार. भाव खालीवर होत असतात.
– गाण्यांसाठी एसएसडी. बहुतेक पीसींसोबत २५६ जीबीची येते.
– यूएसबी डॅक.
– ॲक्टिव्ह स्पीकर (ज्यांच्या पोटातच ॲम्प्लिफायर असतो), किंवा ॲम्प्लिफायर आणि साधे स्पीकर.
– ८ जीबीचे दोन पेनड्राइव्ह, एक लॅन केबल, सीआर २०३२ सेल (मदरबोर्डवरचं घड्याळ चालवणारा बटणाएवढा सेल), थर्मल पेस्टची छोटी ट्यूब.
– घरात सीडी असतील तर यूएसबीवर चालणारा डीव्हीडी ड्राइव्ह.

रास्पबेरी पाय, म्हणजे एकाच छोट्या बोर्डावरचा कॉम्प्युटर, का नाही, हा प्रश्न येतोच. आधीपासून घरात असेल तर जरूर वापरा. नव्याने घ्यायचा तर बोर्ड, डबी, अडॅप्टर, मेमरी कार्ड आणि डिस्क यांची बेरीज जुन्या पीसीच्या किमतीच्या आसपास पोचते, आणि पीसीत डिस्क आतच बसते. वापरायचाच तर पाय-४ (२०१९) किंवा त्यानंतरचा घ्या. पाय-३ पर्यंतच्या बोर्डांवर लॅन आणि यूएसबी एकाच यूएसबी २.० वाटेने जातात, त्यामुळे मोठ्या फाइली नेटवर्कवरून ओढताना आवाज तुटू शकतो. पायच्या ३.५ मिमी जॅकवर मात्र भिस्त ठेवू नका. तो कामचलाऊ आहे, आणि पाय-५ वर तर तो काढूनच टाकलाय.

दुकानात काय तपासायचं

मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात तपकीर गल्लीचा परिसर, किंवा कोणत्याही शहरातला रिफर्बिश्ड माल विकणारा दुकानदार चालेल. जाताना एका पेनड्राइव्हवर लिनक्स मिंट ही फुकट ऑपरेटिंग सिस्टीम लिहून न्या. आतल्या विंडोजला हात न लावता पीसी त्या पेनड्राइव्हवरून चालू करता येतो आणि दहा मिनिटांत माल कळतो.

पहिल्यांदा बायोसमध्ये, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमच्या आधीच्या, पीसीच्या मूळ सेटिंगमध्ये शिरा. पासवर्ड मागितला तर तो पीसी तिथेच ठेवा. हे पीसी कंपन्यांतून भंगारात निघालेले असतात, कुलूप कोणी लावलं ते दुकानदारालाही ठाऊक नसतं, आणि बायोस उघडला नाही तर पुढची अर्धी कामं अडतात. मग मिंटमधलं 'डिस्क्स' हे साधन उघडून एसएसडीची 'स्मार्ट' माहिती (डिस्कने स्वतःच ठेवलेली तब्येतीची नोंद) बघा: किती तास चालली आणि किती सेक्टर खराब आहेत. सगळ्या यूएसबी पोर्टांत माउस लावून बघा. पीसी पाच मिनिटं चालू राहू द्या आणि पंख्याला कान लावा. नुसता वाऱ्याचा आवाज असेल तर तो साफसफाईने कमी होतो; 'किर्रर्र' असा घासल्याचा आवाज म्हणजे बेअरिंग गेलंय, पंखा बदलावा लागेल.

अडॅप्टर त्याच कंपनीचा आणि पुरेशा वॉटचा आहे ना, हे पाहा. डेलचे पीसी अडॅप्टर ओळखतात. ओळख पटली नाही तर चालू होताना तक्रार करतात आणि प्रोसेसरचा वेग उतरवतात. अडॅप्टर तीन पिनांचाच मागून घ्या. त्याचं कारण पुढे घरघरीच्या भागात येईल.

साफसफाई आणि बायोस

झाकण बहुधा मागच्या एकाच स्क्रूने धरलेलं असतं. पंखा काडीने अडवून धरा आणि मग ब्लोअरने धूळ उडवा. पंखा मोकळा फिरू दिला तर बेअरिंगला मार बसतो. हीटसिंक काढून जुनी, खडूसारखी सुकलेली पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा आणि वाटाण्याएवढी नवी पेस्ट लावा. एवढ्यानेही पंख्याचा आवाज पुष्कळ उतरतो, कारण प्रोसेसर थंड राहिला की पंख्याला धावावं लागत नाही. रॅमच्या दोन पट्ट्या असतील तर एक काढलीत तरी चालेल.

सीआर २०३२ सेल न विचारता बदला. तो मेला की वीज गेल्यावर पीसी तारीख विसरतो. मग इंटरनेट रेडिओ आणि स्ट्रीमिंग सेवा बंद पडतात, कारण सुरक्षित जोडणीची प्रमाणपत्रं चुकीच्या तारखेला अमान्य ठरतात. लोक राउटर बदलून बघतात आणि दोष चाळीस रुपयांच्या सेलचा निघतो.

बायोसमध्ये चार बदल करा. वीज गेल्यानंतर काय करायचं, या पर्यायात 'पॉवर ऑन' निवडा, म्हणजे लाइट आल्यावर पीसी आपोआप चालू होईल. पंख्याच्या सेटिंगमध्ये कमी आवाजाचा पर्याय असेल तर तो घ्या. सिक्युअर बूट (अनोळखी प्रणाली चालू होऊ न देणारं कुलूप) बंद करा. बूटच्या क्रमात यूएसबी सगळ्यांत वर आणा.

प्रणाली: डॅफाइल

या कामासाठी डॅफाइल सोयीचं आहे. ही लिनक्सवर बांधलेली फुकट प्रणाली थेट पेनड्राइव्हवरून चालते, तिला मॉनिटर-कीबोर्ड लागत नाही, आणि सगळा कारभार मोबाइलच्या किंवा लॅपटॉपच्या ब्राउझरमधून होतो. आत स्क्वीझबॉक्स या जुन्या नेटवर्क प्लेअरच्या परंपरेचा म्युझिक सर्व्हर आहे, जो २०२४ पासून लिरिऑन या नावाने ओळखला जातो. त्यामुळे स्क्वीझरसारखी मोबाइल ॲप्सही रिमोट म्हणून चालतात.

आधी गाण्यांची डिस्क तयार करा. मिंटचा पेनड्राइव्ह लावून 'डिस्क्स'मधून आतली एसएसडी ईएक्सटी-४ या लिनक्सच्या फाइल-पद्धतीत फॉरमॅट करा. यात विंडोज पुसलं जातं, हे समजून करा. पीसीसोबत आलेला परवाना मदरबोर्डशी बांधलेला असतो, त्यामुळे पुढे कधी तेच विंडोज परत टाकता येतं. पेनड्राइव्हवर असते ती एक्सफॅट पद्धत का नको? त्यात जर्नलिंग, म्हणजे बदल करण्याआधी त्यांची नोंद ठेवणं, नसतं. फाइल कॉपी होताना लाइट गेली तर ईएक्सटी-४ बहुतेक वेळा स्वतःला सावरते, एक्सफॅटमध्ये फोल्डरच्या फोल्डर गायब होऊ शकतात. आपल्याकडे लाइट जाणं ही काही दुर्मीळ घटना नव्हे.

मग दुसऱ्या पेनड्राइव्हवर डॅफाइलची आयएसओ फाइल लिहा. पेनड्राइव्ह लिहिण्यासाठी रुफस हे विंडोजवरचं साधन वापरत असाल आणि त्याने विचारलं तर 'डीडी' पद्धत निवडा. फाइल नुसती पेनड्राइव्हवर कॉपी केली तर पीसी बूट होणार नाही. पीसीला राउटरची लॅन केबल, डॅक आणि हा पेनड्राइव्ह जोडा, चालू करा आणि दोनेक मिनिटं थांबा. लॅपटॉपच्या ब्राउझरमध्ये इंग्रजी अक्षरांत 'डॅफाइल डॉट लोकल' टाइप केलं की त्याचं पान उघडतं. काही अँड्रॉइड फोनांवर '.लोकल' पत्ते उघडत नाहीत; तेव्हा राउटरच्या यादीत पीसीला मिळालेला आयपी पत्ता शोधा आणि तोच टाइप करा. राउटरमध्येच तो पत्ता या पीसीसाठी राखून ठेवला की रोजची शोधाशोध टळते.

सेटिंगमध्ये ऑडिओ डिव्हाइस म्हणून तुमचा डॅक निवडा. पहिल्याच दिवशी 'सगळं चालू आहे पण आवाज नाही' असं झालं तर दहांत नऊ वेळा डॅकऐवजी एचडीएमआय निवडलेलं असतं. स्टोरेजच्या पानावर एसएसडी गाण्यांची जागा म्हणून नेमा आणि ती नेटवर्कवर शेअर करा, म्हणजे लॅपटॉपवरून गाणी थेट टाकता येतील. मोठी भर टाकल्यावर लायब्ररी पुन्हा स्कॅन करायला विसरू नका.

विंडोजच ठेवायचं असेल तर

चालतं, पण एक अडचण समजून घ्या. विंडोज सगळ्या ॲप्सचे आवाज एकत्र मिसळतं आणि मिसळण्यासाठी ते एकाच सॅम्पल-रेटवर आणतं. हा दर बहुधा ४८,००० असतो आणि सीडी असते ४४,१०० ची. या दोहोंचं गुणोत्तर १६० : १४७. म्हणजे जवळजवळ प्रत्येक सॅम्पल नव्याने मोजून काढावं लागतं. आजचं गणित वाईट नसतं, कित्येकांना फरक ऐकूही येणार नाही. पण जे फुकटात टाळता येतं ते का टाळू नये?

फूबार २००० हा प्लेअर घ्या आणि आउटपुटच्या यादीत डॅकच्या नावापुढे 'एक्स्क्लुझिव्ह' लिहिलेला पर्याय निवडा. आता डॅक फक्त फूबारच्या ताब्यात राहतो. मिक्सर, मेलची 'टुंग' आणि व्हॉट्सॲपची घंटी, सगळं बाहेर. दुसरं ॲप डॅक धरून बसलं असेल तर फूबार चूक दाखवेल. ब्राउझर बंद करा. विंडोज १० च्या २०१७ मधल्या १७०३ आवृत्तीपासून यूएसबी ऑडिओ क्लास २ (आजच्या डॅकचं सामाईक मानक) चा ड्रायव्हर आतच असतो, त्यामुळे बहुतेक डॅकना वेगळा ड्रायव्हर लागत नाही.

लिनक्सचा नेहमीचा डेस्कटॉप हवा असेल तर मिंटवर स्ट्रॉबेरी हा प्लेअर टाका आणि बॅकएंडमध्ये अल्सा (लिनक्सची डॅकपर्यंतची थेट वाट) निवडून डॅक थेट जोडा. नुसता पाइपवायर या लिनक्सच्या मिक्सरवर सोडलात तर तोही मुळात सगळं ४८,००० वर आणतो.

काम बरोबर झालं की नाही, हे डॅकच तुम्हाला सांगेल. पडदा असलेल्या डॅकवर सीडीची फाइल वाजवताना ४४.१ (किलोहर्ट्झ, म्हणजे ४४,१०० सॅम्पल) दिसलं पाहिजे आणि ९६ ची फाइल लावल्यावर ९६. काही डॅकवर आकड्याऐवजी दिव्याचा रंग बदलतो. गाणं कुठलंही लावा, आकडा ४८ वरून हलतच नसेल तर मधे कोणीतरी हात मारतंय.

डॅक

आजचे यूएसबी डॅक असिंक्रोनस असतात: घड्याळ डॅकच्या पोटात असतं आणि तो कॉम्प्युटरला सांगतो, आता एवढे आकडे पाठव. म्हणून कॉम्प्युटरच्या घड्याळाची लुडबुड आवाजापर्यंत पोचत नाही. म्हणूनच पाच हजारांची 'ऑडिओफाइल' यूएसबी केबल किंवा खास साटा केबल घेण्यात काही अर्थ नाही. केबल दोन मीटरच्या आतली आणि पोर्टात घट्ट बसणारी असावी, झालं.

सगळ्यांत स्वस्त सुरुवात म्हणजे ॲपलचा यूएसबी-सी ते ३.५ मिमी हा करंगळीएवढा अडॅप्टर. साधारण हजाराच्या घरात मिळणारा हा खराखुरा डॅक आहे आणि मोजमापात त्याच्यापेक्षा कितीतरी महागड्यांना लाजवतो. मर्यादा दोन: ४८ किलोहर्ट्झच्या वर जात नाही, आणि त्याचा आउटपुट साधारण १ व्होल्ट, तर टेबलावरच्या डॅकचा २ व्होल्ट. म्हणजे ॲम्प्लिफायरची खुंटी थोडी जास्त फिरवायची. पीसीला यूएसबी-सी पोर्ट नसेल तर साधा ए-ते-सी जोड लावा. त्याच्या पुढची पायरी म्हणजे फिओ, टॉपिंग, एसएमएसएल यांचे आठ-दहा हजारांपासूनचे डॅक. तिथे मिळतं ते आरसीए सॉकेट (ॲम्प्लिफायरला असतात ती लाल-पांढरी गोल सॉकेट), खुंटी, ऑप्टिकल इनपुट. आवाजातला फरक मात्र किमतीच्या प्रमाणात वाढत नाही.

१६ बिटांत साधारण ९६ डेसिबलचा पल्ला मावतो, कारण एक बिट म्हणजे सुमारे ६ डेसिबल. १२० डेसिबलचा डॅक घ्यायचा आणि सीलिंग फॅन तीनवर ठेवून ऐकायचं, हा विनोद आपल्याकडे घरोघरी चालतो. आवाजात खरी सुधारणा हवी असेल तर त्या पंख्याचं काहीतरी बघा.

हेडफोनवर ऐकणार असाल तर एक ठोकताळा: हेडफोनचा ओहम डॅकच्या आउटपुट इम्पिडन्सच्या (जॅकच्या स्वतःच्या विद्युत अडथळ्याच्या, तोही ओहममध्ये) किमान आठ पट असावा. ३२ ओहमच्या हेडफोनला ४ ओहमच्या आतला जॅक हवा. नाहीतर काही हेडफोनांचा तोल बदलतो, बहुधा खर्ज फुगतो.

आवाज कमी-जास्त कुठे करायचा? शक्यतो सॉफ्टवेअरमध्ये १०० टक्के ठेवा आणि ॲम्प्लिफायरच्या खुंटीने करा. सॉफ्टवेअरची खुंटी वापरायचीच असेल तर डॅकला २४ बिट जात आहेत याची खात्री करा. १६ बिटांत १२ डेसिबल उतरवलं की दोन बिट गेले. आणि १०० टक्क्यांवर पहिलं गाणं लावताना ॲम्प्लिफायर शून्यावर असू द्या. ॲक्टिव्ह स्पीकर पूर्ण उघडे असताना पहिलाच ढोल वाजला तर ट्विटर (स्पीकरमधला उंच सुरांचा छोटा भाग) जाऊ शकतो.

स्पीकर, थोडक्यात

घरात जुना, चालू स्थितीतला ॲम्प्लिफायर असेल तर तोच वापरा. डॅक 'ऑक्स' किंवा 'सीडी' लिहिलेल्या सॉकेटात लावायचा. 'फोनो'मध्ये लावलात तर कानठळ्या बसतील आणि खर्ज बेसुमार फुगेल. ते सॉकेट रेकॉर्ड प्लेअरच्या क्षीण सिग्नलसाठी असतं. नवीन घ्यायचं तर छोट्या खोलीला टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या टीपीए ३११६ चिपवरचा क्लास-डी ॲम्प्लिफायर पुरतो. अडॅप्टर मात्र चांगला लावा: त्या चिपवर '५० वॉट' लिहिलेलं असतं ते कमी ओहमच्या स्पीकरवर आणि २१-२४ व्होल्ट मिळाल्यावर. १२ व्होल्टच्या अडॅप्टरवर त्याच्या निम्मी ताकदही निघत नाही.

स्पीकर शोकेसच्या कप्प्यात कोंबू नका. कप्पा घुमतो आणि तबल्याचा बायाँ ढोलासारखा वाजतो. दोन स्पीकर आणि ऐकणारा असा समभुज त्रिकोण, ट्विटर कानाच्या उंचीवर, मागच्या भिंतीपासून निदान हातभर अंतर. एकाच स्पीकरच्या तारा उलट्या लागल्या तर खर्ज गळून जातो आणि गायक मधोमध न बसता खोलीभर विस्कटतो. तबला-तानपुरा असलेलं एखादं ओळखीचं रेकॉर्डिंग लावून हे आधी तपासा.

घरघर

सगळ्यांत जास्त वेळ खाणारा दोष हा. स्पीकरमधून गाणं नसतानाही सलग 'हूं' येतं. असं शोधा: डॅकची आरसीए केबल ॲम्प्लिफायरच्या बाजूने काढा. घरघर तशीच राहिली तर दोष ॲम्प्लिफायरचा. गेली तर केबल परत लावा आणि आता डॅकची यूएसबी काढा. आता शांत झालं तर वाट कॉम्प्युटरमधून आहे. मग पीसीला लावलेली एकेक तार काढत जा: मॉनिटर, टीव्हीची एचडीएमआय, बाहेरची डिस्क. टीव्हीला डिश किंवा केबलची तार लावलेली असेल तर पहिला संशय तिच्यावर घ्या, कारण ती बाहेरून स्वतःचं अर्थिंग घेऊन घरात येते. साध्या लॅन केबलवर संशय घ्यायची गरज नाही. तिच्या दोन्ही टोकांना ट्रान्सफॉर्मर असतो.

कारण असं: दोन उपकरणं दोन वेगवेगळ्या ठिकाणी अर्थ झालेली असली की त्या दोन अर्थमध्ये थोडासा व्होल्टेज-फरक राहतो, आणि तो आरसीए केबलच्या जाळीतून वाहतो. म्हणून पहिला उपाय फुकट आहे: पीसी, डॅक, ॲम्प्लिफायर, टीव्ही सगळं एकाच एक्स्टेंशन बोर्डावर आणा.

पीसीच्या पत्र्याला किंवा आरसीए प्लगला हात लागल्यावर मुंग्या आल्यासारखं वाटत असेल तर तो वेगळा रोग. दोन पिनांच्या अडॅप्टरमधल्या छोट्या कपॅसिटरांमुळे पत्रा २३० च्या साधारण निम्म्या व्होल्टेजवर तरंगत राहतो. करंट नगण्य असतो, पण ऑडिओत किरकिर आणतो. उपाय तीन पिनांचा अडॅप्टर आणि खरोखर अर्थ असलेलं सॉकेट. 'खरोखर' म्हणण्याचं कारण असं की जुन्या चाळींत आणि वाड्यांत तिसऱ्या भोकामागे कित्येकदा तारच नसते. मल्टिमीटरने बघा: फेज-अर्थमध्ये २३० च्या आसपास आणि न्यूट्रल-अर्थमध्ये दोन-तीन व्होल्टच्या आत यायला हवं. आकडे तसे नसतील तर इलेक्ट्रिशियनला बोलवा, तो खर्च ऑडिओसाठी नाही तर जिवासाठी आहे.

घरघर घालवण्यासाठी अर्थची पिन तोडायचा सल्ला मिळाला तर ऐकू नका. घरघर जाईल, पण आत एखादी तार पत्र्याला टेकली तर सगळा डबा जिवंत होईल. मार्ग दोन आहेत. एक, यूएसबीवरून ऑप्टिकल काढून देणारा कन्व्हर्टर आणि ऑप्टिकल इनपुटचा डॅक; काचेच्या किंवा प्लॅस्टिकच्या तारेतून प्रकाश जातो, वीज नाही, त्यामुळे सर्किटच तुटतं. ऑप्टिकलवर बहुधा ९६ किलोहर्ट्झपर्यंतच खात्रीने चालतं. दुसरा, यूएसबी आयसोलेटर. स्वस्त आयसोलेटरमध्ये एडीयूएम ४१६० ही चिप असते. ती १२ मेगाबिटच्या वेगापुरतीच, त्यामुळे क्लास २ चे काही डॅक तिच्यामागे अडतात. घेताना 'हाय-स्पीड' लिहिलंय का बघा.

सीडी उतरवणं आणि नावं लावणं

सीडी फ्लॅक या फाइल-प्रकारात उतरवा. फ्लॅक आवाजातला एकही बिट टाकत नाही आणि जागा साधारण निम्मी-पाऊण घेते: तासाभराची सीडी ३०० ते ४०० एमबी. २५६ जीबीत सहाएकशे सीडी मावतात. विंडोजवर एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी हे साधन वापरा. त्यातलं ॲक्युरेटरिप तुमच्या प्रतीचा चेकसम (फाइलच्या आकड्यांवरून काढलेला पडताळणीचा आकडा) जगभरच्या इतरांच्या चेकसमशी ताडून बघतं. मराठी नाट्यसंगीत, भावगीतं, छोट्या कंपन्यांच्या शास्त्रीय सीडी त्या यादीत पुष्कळदा नसतात. तेव्हा 'टेस्ट अँड कॉपी' निवडा: तीच गाणी दोनदा वाचली जातात आणि दोन्ही वेळचे सीआरसी (एक प्रकारचे चेकसम) जुळले की प्रत बरोबर मानायची. जुळले नाहीत तर सीडी मऊ कापडाने मधून कडेकडे पुसा, गोल गोल नाही.

एमपी३ मध्ये उतरवू नका, निदान ख्याल तरी. विलंबितातून द्रुतात जाताना ट्रॅक बदलतो, तिथे एमपी३ च्या पद्धतीमुळे क्षणभराची पोकळी पडू शकते. फ्लॅकमध्ये तानपुरा अखंड राहतो.

'फ्लॅक' म्हणून कोणी दिलेली फाइल खरी असेलच असं नाही. स्पेक या फुकट साधनात तिचं वर्णपट-चित्र बघा. १६ किलोहर्ट्झवर सुरीने कापल्यासारखी रेघ दिसली तर ती १२८ किलोबिटच्या एमपी३ ला नवा सदरा घातलेला आहे. मात्र ७८ आरपीएमच्या तबकड्यांवरून किंवा जुन्या टेपवरून आलेल्या रेकॉर्डिंगमध्ये वरच्या पट्टीत मुळातच काही नसतं. तिथे या चित्रावरून खोटेपणा ठरवू नका.

टॅगसाठी, म्हणजे फाइलच्या आत गायक-अल्बमची माहिती लिहिण्यासाठी, एमपी३टॅग घ्या. सुरुवातीलाच ठरवा: नावं देवनागरीत की रोमनमध्ये, आडनाव आधी की नंतर, 'पं.' लावायचं की नाही. 'किशोरी आमोणकर', 'आमोणकर, किशोरी' आणि 'गानसरस्वती किशोरी आमोणकर' या सर्व्हरच्या लेखी तीन वेगळ्या गायिका आहेत. राग आणि ताल ट्रॅकच्या नावातच लिहा. शोधताना तेच उपयोगी पडतं.

फाइलचं नाव मात्र आखूड ठेवा. ईएक्सटी-४ वर एका नावाला २५५ बाइट मिळतात आणि देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट खातं. मात्रा, वेलांट्या आणि हलन्तही वेगळे मोजले जातात. म्हणजे जेमतेम ८५ चिन्हं. विंडोजच्या एनटीएफएसवर २५५ चिन्हं चालतात, त्यामुळे लॅपटॉपवर सुखाने नांदणारी फाइल म्युझिक पीसीवर कॉपी होताना 'नाव फार लांब' म्हणून अडते, आणि शेकडो फाइलींच्या गर्दीत ती एक राहून गेल्याचं लक्षातही येत नाही. ट्रॅक क्रमांक आणि बंदिशीचे पहिले दोन शब्द एवढं नाव पुरे, बाकी सगळं टॅगमध्ये.

नेहमीच्या तक्रारी

दर पाच-दहा मिनिटांनी आवाज तुटतो: डॅक हबमध्ये लावला असेल तर काढून थेट पीसीला लावा. वाय-फायवर असाल तर बाहेरची यूएसबी ३.० डिस्क अँटेनापासून लांब सरकवा; यूएसबी ३.० ची जोडणी २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात गोंगाट करते. ५ गिगाहर्ट्झवर जा, किंवा सरळ लॅन केबल ओढा.

प्रत्येक अल्बमचा पहिला सूर गिळला जातो: सॅम्पल-रेट बदलला की डॅक क्षणभर तोंड मिटतो. प्लेअरच्या सेटिंगमध्ये रेट बदलताना थोडा विराम देण्याचा पर्याय असेल तर अर्धा-एक सेकंद द्या.

एक अल्बम हळू, दुसरा कर्कश: हा दोष नाही, मास्टरिंगचा फरक आहे. रिप्लेगेन (गाण्यांचा जोर एका पातळीवर आणणारी सोय) चालू करा, आणि ते 'अल्बम' पद्धतीवर ठेवा. 'ट्रॅक' पद्धतीत आलाप आणि झाला एकाच जोराने वाजतील.

माउस हलवला की स्पीकरमध्ये चिवचिव: तार अजून पीसीच्या पुढच्या हेडफोन जॅकमध्येच आहे. डॅकमध्ये लावा.

लाइट येऊनही पीसी चालू होत नाही: बायोसमधला 'पॉवर ऑन' पर्याय पुन्हा बघा. सेल मेलेला असेल तर वीज जाताच बायोसची सेटिंग मूळपदावर गेलेली असते.

डिस्क अचानक मेली: यावर उपाय नंतर नसतो. गाण्यांची दुसरी प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्या, महिन्यातून एकदा ताजी करा आणि एरवी ती डिस्क तारेतून सोडवून कपाटात ठेवा. जोडलेली राहिली तर विजेचा एकच झटका दोन्ही प्रती घेऊन जाईल.